कर्द्याच्या पुळणीवरचं विमान आणि हिसके देणारा एलिव्हेटर

दापोली तालुक्यातल्या कर्द्याच्या पुळणीवर रिमोटवर उडणाऱ्या एका छोट्या विमानाचं हे प्रकरण आहे. फोमचं, वरच्या बाजूला पंख असलेलं शिकाऊ विमान. पंखांचा पसारा १२०० मि.मी., बॅटरीसकट वजन ९५० ग्रॅम. तीन सेलची २२०० एमएएचची लायपो बॅटरी, मोटरचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी आणि त्याच्यातच सर्वोंना आणि रिसीव्हरला वीज पुरवणारा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा बीईसी. विमानाच्या हलत्या पट्ट्या फिरवणारे नऊ-नऊ ग्रॅमचे चार सर्वो: दोन पंखांत आयलेरॉनसाठी (विमान कलवणाऱ्या पट्ट्या) आणि दोन पोटात, एक एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी), एक रडरचा (नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी पट्टी). चाकं नाहीत. हातातून फेकायचं आणि ओहोटीच्या ओल्या वाळूवर पोटावर उतरवायचं.

विमानाचा मालक तरुण आहे. घरची आंब्याची कलमं आहेत, वडिलांबरोबर बागेत काम करतो आणि फवारणीला निघण्याआधी सकाळी विमान उडवतो. वेळ त्याने बरोबर निवडलेली आहे. हिवाळ्यात सकाळी आपल्याकडे मतलई वाहतो, जमिनीकडून समुद्राकडे, संथ आणि एकसारखा. ऊन वाढलं की तो पडतो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. तो सोबत बारीक वाळू आणि मिठाचा ओलावा घेऊन येतो. शिवाय सकाळी पुळण मोकळी असते. मुरूड-कर्द्याला सुटीच्या दिवशी किती गर्दी होते हे इकडे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जवळजवळ किलोभर वजनाचं, पुढे फिरता पंखा असलेलं विमान ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरने त्या गर्दीत शिरणं कोणालाच परवडणार नाही. म्हणून एलिव्हेटरचा छोटासा हिसकाही मी किरकोळ मानत नाही.

तक्रार

“काका, स्टिकला हात लावला नाही तरी नाक मारतंय,” तो म्हणाला. “आधी असं नव्हतं.”

विमान ऑक्टोबरात, पाऊस थांबल्यावर उडायला लागलं होतं आणि सुरुवातीला काहीच कुरकुर नव्हती. डिसेंबरात हिसके सुरू झाले. सरळ उडताना, अर्ध्या थ्रॉटलवर, स्टिक मधोमध असताना नाक क्षणभर वर किंवा खाली जाई आणि आपोआप जागेवर येई. चढताना काही नाही. वळणात एलिव्हेटर ओढून धरलेला असतो, तेव्हाही काही नाही. मोटर बंद करून तरंगत उतरताना तर विमान अगदी शांत.

त्याने स्वतः बराच विचार केला होता आणि त्याचा तर्क ऐकण्यासारखा होता. सुरुवातीला विमान नाकाला जड होतं. ते सरळ राहावं म्हणून तो एलिव्हेटरला बराच अप ट्रिम देत असे, म्हणजे स्टिक मोकळी असतानाही पट्टी थोडी वर वळलेली राहील अशी सेटिंग. डिसेंबरात त्याने बॅटरी दोन सेंटिमीटर मागे सरकवली, ट्रिम जवळपास शून्यावर आला, विमान हाताला हलकं वाटायला लागलं आणि त्याच सुमारास हिसके सुरू झाले. गुरुत्वमध्य मागे गेला की विमान नाकाच्या बाबतीत चंचल होतं, हे त्याने वाचलेलं होतं. खात्री करायला त्याने बॅटरी परत पुढे नेली, जुना अप ट्रिम दिला आणि हिसके थांबले.

“म्हणजे बॅटरीच, काका. सिद्धच झालं ना?”

मी मोजलं. पंखाची रुंदी २०० मि.मी. आहे आणि बॅटरी मागे असताना गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून ५६ मि.मी. वर पडत होता, म्हणजे २८ टक्क्यांवर. या जातीच्या विमानाला २५ ते ३० टक्के योग्यच. शिवाय मागे गेलेल्या गुरुत्वमध्यामुळे विमान सतत अस्थिर होतं. ते स्टिक मध्ये असताना हिसके द्यायचं आणि ओढल्यावर शहाण्यासारखं वागायचं, असं करत नाही.

बॅटरी पुढे-मागे करताना त्याने नकळत दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या. बॅटरी पुढे गेली की ट्रिम वाढतो, आणि ट्रिम वाढला की एलिव्हेटरचा सर्वो आपल्या मधल्या जागेपासून थोडा बाजूला जाऊन उभा राहतो. बॅटरी मागे आली की तो पुन्हा बरोबर मधोमध. हिसका बॅटरीशी जुळत होता तसाच तो सर्वोच्या मधल्या बिंदूशीही जुळत होता. आता या दोहोंना वेगळं करायचं होतं.

रेडिओवरचा संशय

त्याआधी रेडिओचा विषय संपवतो, कारण त्याच्या मित्रांनी नवा रिसीव्हर घ्यायचा सल्ला दिला होता आणि तो ऑर्डर करणारच होता. जुन्या ३५ आणि ७२ मेगाहर्ट्झच्या काळात लहरींच्या गोंधळाने सर्वो थरथरत, तेव्हापासून कुठलीही थरथर म्हणजे रेडिओ अशी समजूत रुजली आहे. आताच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचात दुवा तुटला तर रिसीव्हर सगळ्याच चॅनेलवर शेवटचा संकेत धरून ठेवतो किंवा फेलसेफवर, म्हणजे आधी ठरवून दिलेल्या स्थितीवर, जातो. एकटा एलिव्हेटर हलतोय आणि बाकीचे तीन सर्वो स्थिर आहेत, तर दोष दुव्यात नाही. बीईसीचंही तेच. व्होल्टेज कोसळलं तर चारही सर्वो आणि रिसीव्हर सगळ्यांनाच ते जाणवतं. एकाच पट्टीची तक्रार असेल तर ती पट्टी, तिची तार, तिचा सर्वो, त्याची वायर आणि रिसीव्हरचं ते एक भोक, एवढ्यातच शोधायचं.

भोक आणि वायर तपासायला वेळ लागला नाही. एलिव्हेटरचा प्लग आयलेरॉनच्या चॅनेलवर लावला, दोष सर्वोबरोबर गेला. वायर हलवून, वाकवून पाहिली, फरक नाही.

हीर आणि टिचकी

प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, काढून ठेवला. विमान टेबलावर, पुशरॉड (सर्वो आणि पट्टी जोडणारी तार) सुटा. सर्वोच्या आडव्या हातावर नारळाच्या खराट्यातला एक सरळ हीर चिकटवला, आसापासून टोकापर्यंत २० सें.मी. लांब, आणि टोकामागे मोजपट्टी उभी केली. एवढ्या लांबीवर एक अंश म्हणजे साडेतीन मि.मी. सर्वोचा हात नुसता पाहिला तर एक-दोन अंश डोळ्यांना कळतच नाहीत. हिरावर ते लपत नाहीत.

रिसीव्हरकडून सर्वोला सेकंदाला साधारण पन्नास स्पंदनं जातात. स्पंदन १ मिलिसेकंदाचं असेल तर सर्वो एका टोकाला जातो, २ चं असेल तर दुसऱ्या, आणि दीड मिलिसेकंद म्हणजे मध्य. सर्वोच्या पोटात छोटी मोटर, गिअरची माळ, एक पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर आणि एक पट्टीवजा सर्किट असतं. हात कुठे आहे हे सर्किटला फक्त पॉट सांगतो. पॉट खोटं बोलला तर सर्किट त्या खोट्यावर विश्वास ठेवून मोटर फिरवतं.

स्टिक एका बाजूकडून हळूच सोडून मध्यावर आणली आणि हिराच्या टोकाची जागा लिहिली. मग दुसऱ्या बाजूकडून. नव्या, चांगल्या सर्वोत या दोन जागांत दोनेक मि.मी.चा फरक पडतो. इथे तो नऊ होता. मग ट्रिम एकेक टिक सरकवत मध्य ओलांडला. टोक एकसारखं सरकायला हवं होतं. ते काही टिका जागचं हललंच नाही आणि मग एकदम पंधरा मि.मी. उडालं, म्हणजे चार अंशांच्या वर. नंतर सर्वो मध्यावर ठेवून त्याच्या बुडाशी पेन्सिलीने टिचकी मारली. टोक उडालं. ट्रिम बराच वर नेऊन तशीच टिचकी मारली. टोक स्थिर.

टेबलावरच्या विमानाला गुरुत्वमध्याची काही पडलेली नसते. तिथेही हिसका येतोय म्हटल्यावर बॅटरी निर्दोष सुटली. आणि तो टिचकीने येतोय म्हटल्यावर, मोटर बंद असताना विमान शांत का असे, हेही कळलं. धक्का मोटरकडून येत होता.

या तपासणीला काही विकत घ्यावं लागत नाही. मी ती प्रत्येकाला करायला सांगतो, नव्या सर्वोवरसुद्धा.

सर्वो उघडल्यावर

बुडाचे चार लांब स्क्रू काढताना दोन गंजलेले निघाले. गिअर नायलॉनचे, दात शाबूत. दातांतलं पांढरं ग्रीस करडं झालं होतं आणि बोटांत चोळल्यावर वाळू लागत होती. पॉटवर कार्बनचा अर्धवर्तुळाकार पट्टा असतो आणि त्यावर धातूचा बारीक ब्रश घासत फिरतो. पट्टा दोन्ही टोकांना एकसारखा काळा होता. मधोमध मात्र झिजून चकचकीत झालेली एक रेघ, आणि ब्रशच्या टोकाला हिरवट डाग. जुन्या रेडिओचा व्हॉल्यूम एका ठराविक जागी खरखरतो, तशीच ही गोष्ट. फक्त इथे त्या खरखरीला विमानाचं नाक बांधलेलं होतं.

दोन-तीन महिन्यांत एवढी झीज कशी? स्वस्त नऊ ग्रॅमी सर्वोंची आयुष्यं छोटीच असतात, पण पंखातले आयलेरॉनचे सर्वो त्याच खोक्यातून आलेले होते आणि हिरावर जवळपास नव्यासारखे वागले. रडरचा सर्वो तपासला, तर त्याचाही मध्य बिघडायला लागलेला: दोन बाजूंतला फरक सहा मि.मी. उडताना त्याने तक्रार केली नव्हती, कारण पंख वर असलेलं विमान रडरचा छोटा हिसका पोटात घालतं. म्हणजे पोटातले दोघं झिजले होते आणि पंखातले नव्हते. पंखातले फोममध्ये बसलेले होते. पोटातले दोघं प्लायवूडच्या एका तबकडीवर थेट स्क्रूने कसलेले होते आणि तीच तबकडी पुढे मोटरच्या बैठकीला चिकटलेली होती.

मग प्रॉप हातात घेतला. दहा इंची. एका पात्याचं टोक वाळूत उतरताना खरवडलं होतं. गेलेला तुकडा दशांश ग्रॅमचाही असेल-नसेल. पण १२ सें.मी. त्रिज्येवरचा दशांश ग्रॅमचा असमतोल मिनिटाला ५००० फेऱ्यांना सुमारे ३३० ग्रॅम वजनाइतका ओढा निर्माण करतो, आणि तो ओढा सेकंदाला ८३ वेळा फिरून येतो. हा हादरा प्लायवूडमधून सर्वोच्या खोक्यात, आणि या जातीच्या सर्वोत शेवटचा गिअर पॉटच्या दांडीवरच बसलेला असल्याने थेट ब्रशवर जातो. शिकाऊ विमान बहुतेक वेळ सरळ उडतं. ब्रश बहुतेक वेळ मध्यावरच उभा असतो. सगळा हादरा कार्बनच्या त्याच मिलिमीटरवर.

दुसरं कारण पुशरॉडमध्ये होतं. १ मि.मी.ची पोलादी तार प्लॅस्टिकच्या नळीतून शेपटीपर्यंत गेलेली. नळीच्या तोंडाशी तार गंजली होती आणि हाताने सरकवताना अडखळत होती. पट्टी शेवटच्या अर्ध्या अंशाला अडली की सर्वो ती ढकलतो, ती पुढे निसटते, तो मागे ओढतो. टेबलावर वीज लावून शांतपणे ऐकलं तर ही गुणगुण ऐकू येते. विमान नुसतं उभं असतानाही ब्रश मधल्या जागी पुढे-मागे होत राहतो. गंजाने तारेच्या टोकाचा झेडसारखा वाक खरखरीत झाला होता आणि त्याने सर्वोच्या हाताचं भोक घासून लांबट झालं होतं, ती ढिलाई वेगळीच.

वाळूने प्रॉपचा तोल बिघडवला, मिठाने तार गंजवली आणि दोघांचा भार एका रेघेवर पडला. बॅटरी पुढे असताना सर्वो त्या रेघेच्या बाजूला उभा राहत होता, म्हणून तो बरा वाटत होता.

“कॉन्टॅक्ट क्लीनर मारला तर?” त्याने विचारलं. ओलावा आणि मळ एवढाच दोष असेल तर त्याने काही दिवस फरक पडतो. झिजलेला कार्बन मात्र परत येत नाही. गंज सोडवायचं तेल तर अजिबात नको, त्याचा थर पट्ट्यावर राहतो आणि ग्रीस धुऊन निघतं. तो सर्वो मी उडण्यातून बाद केला. गिअर शाबूत होते, ते सुट्या भागांच्या डबीत गेले.

नवा कोणता घ्यायचा

त्याला धातूच्या गिअरचा, जास्त ताकदीचा सर्वो हवा होता. दुकानांच्या पानांवर तेच दोन आकडे ठळक असतात, म्हणून सगळ्यांना तेच हवे असतात. मी म्हटलं, आधी लागतं किती ते काढू.

एलिव्हेटरची पट्टी ४० सें.मी. लांब, ५ सें.मी. रुंद. सेकंदाला १५ मीटर वेगाला हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे १३५ न्यूटन. हा सगळाच्या सगळा दाब पट्टीवर पडला आणि तो तिच्या अर्ध्या रुंदीवर लागला असं कडक धरलं, तर बिजागरीवर ०.७ किलो-सें.मी. पीळ येतो. प्रत्यक्षात याहून कमीच येतो. सर्वोच्या हातावर तार ८ मि.मी.वर आणि पट्टीच्या हॉर्नवर, म्हणजे तार अडकवायच्या कानावर, १४ मि.मी.वर, त्यामुळे सर्वोपर्यंत ०.४ पोचतो. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सूर मारताना वेग २५ मीटरवर गेला तर हेच गणित १.१ वर जातं. म्हणजे दीड किलो-सें.मी.चा खरा सर्वो पुरून उरतो. “खरा” अशासाठी की वेष्टनावरचा आकडा हा अडकलेल्या अवस्थेतला, आणि बऱ्याचदा ६ व्होल्टचा असतो. याचा बीईसी ५ व्होल्टचा आहे.

तारेची भोकं निवडणं हे सर्वो निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते फुकट आहे. सर्वोच्या हातावर आतलं भोक आणि हॉर्नवर बाहेरचं घेतलं की ताकद वाढते आणि ढिलाई पट्टीपर्यंत पोचताना घटते. खूप जण उलट करतात, पट्टी भरपूर हलावी म्हणून हातावर बाहेरचं भोक घेतात आणि रिमोटमध्ये हालचाल ५० टक्क्यांवर आणतात. तसं केलं की सर्वोचा अर्धा आवाका वाया जातो आणि त्याची मध्याची चूक मात्र पूर्ण पट्टीवर उमटते.

धातूचे गिअर चांगले की वाईट, असा प्रश्न एका विमानापुरताच विचारता येतो. नाकाचं किंवा शेपटीचं चाक ज्या सर्वोला जोडलेलं आहे, त्याला जमिनीचे धक्के बसतात, तिथे नायलॉनचे दात मोडतात आणि धातू हवाच. या विमानाला चाकच नाही. धातूच्या गिअरने प्रत्येक सर्वोमागे चारेक ग्रॅम वाढतात, वापराने दातांत ढिलाई येते, आणि समुद्राच्या हवेत पितळ आणि अ‍ॅल्युमिनिअमचे दात एकमेकांना लागून असतील, मध्ये खारट ओल असेल, तर अ‍ॅल्युमिनिअम खाल्लं जातं. ग्रीसमध्ये काळी पेस्ट दिसते ती तीच. कार्बन तंतू घातलेल्या कडक नायलॉनचे गिअर मिळतात. किनाऱ्यावरच्या हलक्या, चाकाविना विमानाला मी तेच पसंत करतो.

डिजिटल की अ‍ॅनालॉग यावरही तो अडला होता. अ‍ॅनालॉग सर्वो दर स्पंदनाला, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा, मोटरला ढकलतो, डिजिटल काही शे वेळा. त्यामुळे डिजिटल जागा घट्ट धरतो आणि मध्यावर जास्त अचूक परत येतो. पण त्याचा मृत पट्टा, म्हणजे जेवढ्या चुकीकडे सर्वो दुर्लक्ष करतो ती मर्यादा, इतका अरुंद असतो की तार जराही अडली की तो थांबतच नाही, गुणगुणतो आणि वीज खातो. चार छोटे सर्वो अडकले तर प्रत्येकी पाऊण अँपिअरच्या आसपास ओढतात. हा बीईसी २ अँपिअरचा, तोही लिनिअर, म्हणजे ११ व्होल्टचे ५ करताना उरलेले ६ व्होल्ट उष्णतेत घालवणारा. एका अँपिअरला ६ वॉट. फोमच्या पोटात, वारा न लागता, हे बरंच झालं. चार डिजिटल सर्वो लावायचे तर वेगळा स्विचिंग बीईसी घ्यावा लागला असता.

म्हणून असं ठरलं: एलिव्हेटरला एक चांगल्या मेकचा डिजिटल, कडक नायलॉनच्या गिअरचा, पॉट शेवटच्या गिअरवर थेट न बसता वेगळ्या दुव्याने चालणारा. अशा जोडणीत आसाचा हादरा ब्रशपर्यंत सरळ जात नाही. रडरला साधा अ‍ॅनालॉग, नवा. आयलेरॉनचे जुनेच राहू दिले. पैसे एलिव्हेटरवर घालायचे, कारण एक आयलेरॉन बिघडला तर दुसऱ्यावर आणि रडरवर विमान घरी आणता येतं. एलिव्हेटर टोकाला जाऊन अडकला तर काही आणता येत नाही. आणि पॉटचा ब्रश पूर्ण सुटला की नेमकं तेच होतं: सर्किटला जागा कळत नाही, ते मोटर एकाच दिशेला दामटत राहतं. हे विमान त्या टप्प्याच्या फार दूर नव्हतं.

सर्वो कुरिअरने आले तसे आधी हिरावर गेले, मग सर्वो फिरवून पाहायच्या टेस्टरवर अर्धा तास टोकापासून टोकापर्यंत फिरत राहिले आणि परत हिरावर. एकाच लेबलखाली वेगवेगळ्या कारखान्यांचा माल येतो, त्यामुळे नावावर भरवसा न ठेवता हातात आलेला नग तपासायचा. साध्या अ‍ॅनालॉगच्या दोन नगांपैकी एकाचा मध्य पहिल्याच दिवशी सैल होता. तो परत गेला. हातांच्या बाबतीत एक सूचना: प्रत्येक मेकच्या दांडीवरचे दाते वेगळे असतात. जुना हात नव्यावर दाबून बसवला तर तो बसल्यासारखा वाटतो आणि भार आल्यावर फिरतो.

बसवणं आणि निगा

प्लायवूडची तबकडी मोटरच्या बैठकीपासून करवतीने सोडवली आणि फोमवर चिकटवली. सर्वोच्या कानांखाली सायकलच्या ट्यूबचे छोटे तुकडे घातले. स्क्रू ट्यूब चेपणार नाही इतपतच कसले. पूर्ण आवळले की रबराचा उपयोग संपतो. प्रॉप नवा, आणि तोही तोलून: जड पात्याच्या मागच्या बाजूला सेलोटेपचं नव्हे तर सॅंडपेपरचं काम, म्हणजे जड बाजू घासून हलकी करायची, हलक्या बाजूला काही चिकटवायचं नाही. चिकटवलेलं उडून जातं. पोलादी तारेऐवजी कार्बनची कांडी आणि टोकांना स्टेनलेसची तार.

मिठाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशिअम क्लोराइड असतं, ते त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेलाही पाणी ओढतं. म्हणजे एकदा खारा थर बसला की कोकणात तो जवळजवळ कधीच कोरडा होत नाही, घरात कपाटावर ठेवलेल्या विमानातसुद्धा. विमान उडत नसतानाच गंज जास्त काम करतो. त्यामुळे किनाऱ्यावरून आल्यावर पुशरॉड, हॉर्न, बिजागऱ्या आणि सर्वोची बाहेरची बाजू गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायची, कोरड्या फडक्याने परत पुसायची आणि वाऱ्यावर पूर्ण सुकल्याखेरीज पिशवीत घालायचं नाही. पावसाळ्याचे चार महिने सुटे सर्वो, रिसीव्हर आणि सुटे प्रॉप घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसकट.

नव्या सर्वोच्या खोक्याच्या सांध्यांवर सिलिकॉनची पातळ रेघ ओढली आणि बाहेर येणाऱ्या आसाभोवती सिलिकॉन ग्रीसचा ठिपका लावला. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचंच घ्यायचं. ज्याला सुकताना शिरक्याचा वास येतो, त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं आणि ते तांबं खातं. सर्किटवर वार्निशचा थर द्यायचा असेल तर ब्रशने, पॉट आणि मोटरपासून दूर. स्प्रे मारला की तो नेमका पॉटमध्ये जातो.

विमान पाण्यात पडलं तर सगळ्यात आधी बॅटरी काढून बाजूला, मोकळ्या जागी. मग सर्वो गोड्या पाण्यात बुडवून धुवायचे, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि सावलीत वाळवायचे. एवढं केल्यावर ते बहुतेक चालतील. तरी खाऱ्या पाण्यात गेलेला सर्वो मी एलिव्हेटरला परत लावणार नाही, कितीही चांगला चालत असला तरी.

पुढे

जोडणी करताना रिमोटमधला ट्रिम आणि सबट्रिम (सर्वोचा मध्य सरकवणारी सेटिंग) शून्यावर ठेवला, सर्वोचा हात तारेशी काटकोनात बसवला आणि पट्टी सरळ आणण्याचं काम फक्त तारेच्या लांबीने केलं. बॅटरी मागेच ठेवली, २८ टक्क्यांवर, जिथे ती आधीपासून बरोबर होती. जानेवारीत मतलईवर विमान उडालं. अर्ध्या थ्रॉटलवर, स्टिक सोडून, पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ते रेषेत गेलं. त्याने दोन्ही हात रिमोटवरून किंचित उचलून मला दाखवले आणि लगेच परत ठेवले.

आता त्याच्याकडे प्रत्येक सर्वोला एक नंबर आहे आणि एका वहीत बसवल्याची तारीख, दोन बाजूंकडून येतानाचा हिरावरचा फरक आणि टिचकीचा निकाल लिहिलेला आहे. मोजणी दर महिन्याला, आणि प्रॉप खरवडला की त्याच दिवशी. साधा सर्वो पाच मि.मी.वर गेला की तो एलिव्हेटरवरून किंवा रडरवरून उतरवायचा, ही रेघ आम्ही दोघांनी मिळून आखली. मार्चअखेर एलिव्हेटरचा नवा सर्वो दीड मि.मी.वर आहे, रडरचा दोनवर. आयलेरॉनच्या जुन्या दोघांपैकी डावा साडेतीनवर पोचला आहे. पाऊस लागायच्या आत तो बदलायचा आहे, त्यासाठीचा नग टेस्टरवर फिरून डब्यात तयार आहे.